एका कान्याचं ओझं

मी एक जुने भिंग आहे. पितळी कड्यात बसवलेले, लाकडी मुठीचे, तळहाताएवढे. मुठीवरचे रोगण कधीच उडून गेले. कड्यावर एका बाजूने हिरवट छटा चढली आहे. काचेच्या काठाशी मोहरीएवढा एक हवेचा बुडबुडा आहे, तो मात्र जन्मापासूनचा. माणसांच्या अंगावर तीळ असतो ना, तसा.

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला फक्त चित्रात पाहिले असेल, एखाद्या गुप्तहेराच्या हातात. मी कधी चोर पकडला नाही. मी अक्षरे पकडली. आणि म्हातारपणी एक असे अक्षर पकडले, की पकडल्यावर त्याचे करायचे काय, हे कुणालाच कळेना.

माझा जन्म काचा घासण्याच्या कारखान्यात झाला. आधी मी नुसती काचेची जाड चकती होते. कारागीर मला लोखंडी वाटीत घालून, पाणी आणि कुरुंदाची पूड टाकून गोल गोल फिरवत असे. आधी भरड पूड, मग बारीक, मग पिठासारखी. घासून घासून मी दुधी आणि आंधळी होऊन गेले. मग लाल पुडीने मला झिलई चढवली आणि एका सकाळी माझ्यातून आरपार दिसू लागले. कारागिराने मला खिडकीसमोर धरले आणि मागे एक कागद धरला. कागदावर खिडकीचे इवलेसे, उलटे, रंगीत चित्र उमटले. "जमलं," एवढेच तो म्हणाला. भिंगाला याहून मोठी पदवी मिळत नाही.

पण तपासनीसाला बुडबुडा दिसला, आणि माझी रवानगी दुय्यम मालाच्या खोक्यात झाली. तिथून मला एका छापखान्याच्या मालकाने उचलले. स्वस्तात मिळाले म्हणून तो खूश होता, आणि खोक्यातून सुटले म्हणून मी.

छापखान्यातले ते दिवस आठवले की अजून माझ्या काचेवर धुके येते. शाईचा आणि रॉकेलचा वास, यंत्राची एकसुरी धडधड, आणि कप्प्याकप्प्यांच्या लाकडी पेट्यांपुढे उभे राहून शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवणारे जुळारी. एकेक अक्षर, एकेक वेलांटी हाताने उचलायची आणि ओळीत बसवायची. त्या ओळींचा कच्चा छाप म्हणजे प्रूफ. ते तपासायला नाना होते. तेव्हा त्यांना नुकतीच मिसरूड फुटली होती, तरी सगळे त्यांना नानाच म्हणत. ते मला घेऊन ओळीवरून फिरवत, डास मारणारा माणूस भिंतीवरून नजर फिरवतो तसे.

"नानाच्या हातात भिंग आलं, जुळाऱ्याचं बिंग फुटलं!" असे जुळारी ओरडत. बिंग फुटणे म्हणजे गुपित उघडे पडणे. मला पुष्कळ दिवस वाटे, हे माझ्याच फुटण्याविषयी बोलत आहेत, आणि मी मुठीतल्या मुठीत घाबरून जात असे.

एकदा एका विमा कंपनीची जाहिरात छापायला आली होती. ‘तुमची चिंता आमच्यावर सोपवा’ असे मोठ्या अक्षरांत हवे होते. जुळाऱ्याच्या हातून अनुस्वार राहिला. नानांनी मला त्या ओळीवर धरले, आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ‘तुमची चिता आमच्यावर सोपवा’! यंत्र सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता. मालकांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला आणि मला उंच धरून म्हणाले, "याचा बुडबुडा काढा रे कुणीतरी, याला बक्षीस द्यायचंय!"

खिळ्यांत सगळ्यांत सडपातळ खिळा कान्याचा. नुसती उभी रेघ. खाली पडला की फरशीच्या फटीत जाऊन बसे. "नाना, काना पडला!" असे जुळारी ओरडला की नाना म्हणत, "कळलं, माझ्या कानावर पडला!" मग दोघे गुडघ्यांवर बसून, मला जमिनीपासून वीतभर उंच धरून, तो काना शोधत. एवढ्याशा रेघेसाठी यंत्र थांबून राही. कुणाला त्याचे नवल वाटत नसे.

मग संगणक आले. खिळे वजनावर गेले, यंत्र भंगारात गेले. मालकांनी निरोपाच्या दिवशी मला रुमालात गुंडाळून नानांच्या हातात ठेवले. नानांनी मला घरी आणले आणि खणात ठेवले, आणि मग विसरले. संपलेल्या बॅटऱ्या, दोऱ्याचे गुंडाळे आणि ज्यांची कुलपे हरवली आहेत अशा किल्ल्या यांच्या संगतीत मी कित्येक वर्षे काढली. भिंगाला अंधार म्हणजे काय वाटते, हे मी तुम्हाला कसे सांगू? डोळे मिटता येत नाहीत, आणि पाहायला काही नाही.

त्या खणातून मला बाहेर काढले ते नानांच्या पुतणीने. ती विज्ञान शिकलेली, रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलेली. नाना तिला कौतुकाने ‘शास्त्रीणबाई’ म्हणत. तिने मला मऊ फडक्याने पुसले, उजेडात धरले, पट्टीने अंतर मोजले आणि म्हणाली, "नानाकाका, काच अजून एकदम छान आहे. तुमच्या डोळ्यांपेक्षा बरी."

"माझे डोळे मी वापरून झिजवलेत. हे खणात झोपा काढत होतं," नाना म्हणाले.

दोघांनी मिळून घराण्याची वंशावळ तयार करायला घेतली होती. कोण कुणाचा मुलगा, कोण कुठे गेला, कोण कधी वारले. एक पुस्तक छापायचे, आणि सगळी माहिती संगणकावरच्या वंशवृक्षातही भरायची, म्हणजे दूरदूरच्या नातेवाइकांना पाहता येईल. नातेवाइकांचा फोनवर एक ग्रूप होता. त्यातला नानांचा एक धाकटा चुलतभाऊ, दुसऱ्या गावात भांड्यांचे दुकान चालवणारा, रोज सकाळी विचारी, "पुस्तक कुठवर आलं? काही मसालेदार सापडलं का?"

मृत्यूच्या जुन्या नोंदी गावाच्या कचेरीत होत्या. खोली तळमजल्यावर. लोखंडी मांडण्या, कापडी पुठ्ठ्यांची जाडजूड बाडे, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि फिरताना कुरकुरणारा पंखा. टेबलामागच्या कारकुनाने मान वर न करता विचारले, "मयत कोणत्या सालातलं?"

"फार जुनं आहे हो," नाना म्हणाले.

"मग बरंय. जुनी मयतं शांत असतात. नव्यांचे नातेवाईक फार भांडतात." इतक्या जुन्या नोंदी कुणालाही पाहता येतात असे सांगून त्याने पहिले बाड पुढे सरकवले.

मित्रांनो, ते दिवस मला फार आवडले. पिवळ्या कागदावर, बोरूच्या वळणदार अक्षरात, माणसे ओळीने झोपलेली होती. एका खापरपणजोबांच्या मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात नुसते ‘वय’ लिहिले होते. "याला म्हणतात आटोपशीर लेखन," नाना म्हणाले. कित्येक ओळींत ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’. काही ओळी इतक्या लहान मुलांच्या, की त्यांना नाव ठेवायलाही वेळ मिळाला नव्हता. तिथे नाना मला जरा भरभर पुढे नेत.

आणि एके दिवशी नानांच्या आत्याची ओळ सापडली.

ही आत्या नानांच्या जन्माआधीच वारली होती, तिशीच्या आत. नदीवर पाय घसरून पडली, असे घरात सगळ्यांना ठाऊक होते. तिची एकुलती एक मुलगी म्हणजे आक्का. आता ऐंशीच्या पुढची, त्याच गावात राहणारी, नानांची आवडती आतेबहीण. पुस्तकाच्या कच्च्या छापात नानांनी लिहूनही टाकले होते, ‘नदीवर अपघाताने निधन’.

नानांनी मला त्या ओळीवर धरले. त्यांचा हात थांबला. कारणाच्या रकान्यात लिहिले होते, ‘आपघात’.

अपघात तुम्हाला ठाऊक आहे. ‘आपघात’ हा जुना शब्द आता फारसा कुणी वापरत नाही. आपणच केलेला आपला घात. आपल्या हाताने आपले आयुष्य संपवणे. दोन शब्दांत फरक फक्त एका कान्याचा.

"शाई ओघळली असेल," नाना हळूच म्हणाले.

पुतणीने मला त्यांच्या हातातून घेतले, तिरके धरले, मग सरळ. "ओघळ नाही, काका. रेघ वरून सुरू होते, शिरोरेघेला टेकते, आणि खाली हात उचलल्याची खूण आहे." मग तिने त्याच हस्ताक्षराची पुढची-मागची पाने चाळली. एक गवंडी परांचीवरून पडला होता, ‘अपघात’. एक मूल गाडीखाली सापडले होते, ‘अपघात’. आणखी एका ओळीत कुणा परक्या माणसापुढे पुन्हा ‘आपघात’. "हा माणूस काना विसरणारा नाही," ती म्हणाली, "आणि फुकट वाटणाराही नाही."

नानांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "फोटो काढ."

पुतणीने फोन काढला, पण आधी पिशवीतला एक कोरा कागद फाडून त्याच्या पट्ट्या केल्या आणि ती ओळ सोडून बाकीचे पान झाकले.

"हे काय?"

"या पानावर आपली ओळ एकच आहे. बाकीच्या घरांना कुणी विचारलंय?"

नानांना ते पटले. पण घरी आल्यावर खरा वाद झाला. ग्रूपवर नानांनी उत्साहाच्या भरात लिहून टाकले होते, की आत्याची मूळ नोंद सापडली. भांड्यांच्या दुकानदाराने लगेच धरले, "फोटो टाका! फोटो टाका!" पाठोपाठ आणखी चौघांनी होकाराचे अंगठे पाठवले.

"सगळ्या जन्मात मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या," नाना म्हणाले. "आता स्वतःच्या घराण्याच्या पुस्तकात माहीत असून चूक छापू? छापखान्यातले जुळारी वरून हसतील मला."

"चूक छापा असं मी म्हणतच नाही. पण हे छापायचं की नाही, ते ठरवणारे आपण कोण?"

"अगं, सरकारी नोंद आहे. दार सताड उघडं आहे. कुणीही बघावी."

"दार उघडं आहे म्हणून आतलं सामान चौकात मांडायचं का? आमच्याकडे बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं तर आधी माणसाची सही लागते. इथं अख्खी आई आहे, काका."

"माझी आत्या होती ती!"

"आक्कांची आई होती."

नानांनी हातातला कच्चा छाप टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बरं. उद्या जाऊन विचारतो आक्काला. तिचं पान तपासायला द्यायचंच आहे."

पुतणी तिच्या घरी गेली. कच्चा छाप टेबलावर पडला होता, लाल पेन शेजारीच होते. मित्रांनो, जन्मभर एकच काम केलेल्या हाताला स्वतःची अशी खोड लागते. मालकाला न विचारता तो कामाला लागतो. नानांनी दुसऱ्या ओळीतला एक ऱ्हस्व इकार दीर्घ केला. एक स्वल्पविराम घातला. आणि तसेच, त्याच ओघात, ‘अपघाताने’ या शब्दातल्या ‘अ’नंतर हंसपद काढले. राहिलेले अक्षर कुठे घालायचे ते दाखवणारी ही खूण, पक्ष्याच्या पावलासारखी. समासात त्यांनी काना लिहिला. मग पेनाला टोपण लावून ते झोपायला गेले. आपण काय केले आहे, हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. त्यांच्या लेखी ती शुद्धलेखनाची दुरुस्ती होती.

दुसऱ्या दिवशी ते पान आणि मला घेऊन ते आक्कांकडे गेले. आक्कांचे घर दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून जुनी टेलिफोनची इमारत दिसे. आता ती बंद होती. तिथे आक्कांनी सगळी नोकरी केली होती. कानाला यंत्र लावून, समोरच्या फळीवरच्या भोकांत दोऱ्या खुपसून, या गावचा आवाज त्या गावाला जोडून द्यायचा.

"ये, ये, काना-मात्रा," आक्का म्हणाल्या. नानांना त्या याच नावाने हाक मारत. "चहा प्यायला आलास की चुका काढायला?"

"दोन्ही."

"माझ्या चहात चूक काढलीस तर पुढचा तू करायचास."

चहा झाला. नाना गुडघ्यांविषयी बोलले. शेजारच्यांच्या कुत्र्याविषयी बोलले. वाण्याने साखर ओली दिली, त्याविषयी बोलले. आक्का ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अरे, मी ऑपरेटर होते. माणूस ‘हॅलो’ म्हणायच्या आधी किती थांबतो, त्यावरून मला बातमी कळायची. तू मघापासून थांबलायस. काय आहे ते सांग, नाहीतर ते पान दे इकडं."

"देतो, पण आधी जरा..."

तोवर त्यांनी पान ओढून घेतले होते, आणि मलाही. माझ्याखालून ओळी सरकू लागल्या. आक्कांचा जन्म, आक्कांचे शिक्षण. "नोकरीचं खातं बरोबर लिहिलंस, शाबास." मग वरची ओळ, त्यांच्या आईची. आणि हात थांबला. माझ्या काचेत ते लाल हंसपद केवढे तरी मोठे होऊन पसरले होते. ओल्या रस्त्यावर पक्षी चालून गेल्यासारखे.

"हा काना कुणी घातला?"

नानांनी पान पाहिले, आणि तेव्हा कुठे त्यांना आपल्या हाताची करणी दिसली. 

"तू कधी चुकीचा काना घालत नाहीस," आक्का म्हणाल्या. त्या शब्दाचा अर्थ त्यांना कुणी सांगावा लागला नाही. त्या काळातल्याच होत्या त्या.

नानांनी मग सगळे सांगितले. कचेरी, बाड, त्या कारकुनाची बाकीची पाने. आक्का मला मुठीत घट्ट धरून बसल्या होत्या. इतका वेळ बसल्या, की माझी मूठ त्यांच्या हाताइतकी ऊन झाली.

"माझी चप्पल वाहून गेली होती," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांची असेन. आदल्या दिवशी आई मला नदीवर घेऊन गेली होती, तेव्हा. घरी आल्यावर मी रडरड रडले. हवीच म्हटलं. नवीच होती रे, बक्कल असलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई एकटी गेली. सगळे म्हणाले, पाय घसरला. मी कुणाला बोलले नाही, पण मला माहीत होतं ती कशाला गेली. माझ्या हट्टापायी गेली. तेव्हापासून मी कुणाला ‘हे आणून दे’ म्हणून म्हटलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही. ताप असला तरी पाणी मी उठून घेते."

नाना खाली मान घालून ऐकत होते. धीर करून म्हणाले, "म्हणजे, आक्का, तुझ्यामुळं नव्हतंच ते. बघ, या कान्यानं..."

"थांब." आक्कांचा आवाज वाढला नाही, पण नाना थांबले. "चपलेसाठी गेली असती तर माझ्यासाठी गेली असती. आता म्हणतोस, तशी नव्हती गेली. मग कशासाठी गेली रे? आणि मी घरात झोपले होते, तेव्हा तिला माझी आठवण आली असेल का?"

याचे उत्तर कुठल्या बाडात असते, मित्रांनो?

"मी विचारायलाच आलो होतो," नाना पुटपुटले.

"विचारायला आलास आणि उत्तर लाल शाईत लिहून आणलंस." आक्कांनी बोट खिडकीकडे केले. "त्या इमारतीत अख्ख्या गावाचं बोलणं माझ्या कानांतून गेलं. कोण कर्जात आहे, कोण कुणाला सोडून गेलं, कुणाचं काय. कधी कुणाचं कुणाला सांगितलं मी? आणि लांबचा फोन आला की नुसती दोरी खुपसून मोकळं व्हायचं नसतं. आधी घरच्याला विचारायचं, ‘अमक्या ठिकाणाहून फोन आहे, जोडू का?’ तो ‘जोडा’ म्हणाला तर जोडायचं. ‘आत्ता नको’ म्हणाला तर समोरच्याला ताटकळत ठेवायचं, मग तो कुणीही असो. तुझ्या छापखान्यात असं काही शिकवत नव्हते का रे?"

नाना उठले. पान आणि मी तिथेच राहिलो.

त्यानंतरचे दिवस मी आक्कांच्या टेबलावर काढले. त्यांनी ते पान पुन्हा वाचले नाही. त्यांनी एक जुना फोटो काढला, एका मोठ्या घोळक्याचा. मागच्या रांगेत, दोन खांद्यांच्या मधून, त्यांची आई डोकावत होती. त्यांनी मला त्या चेहऱ्यावर धरले. जवळ नेले, आणखी जवळ नेले. मी मोठे करण्याचे तेवढे काम केले, पण फार मोठे केले की चेहरा राहत नाही, नुसते करडे ठिपके राहतात. आक्कांनी मला हळूहळू मागे घेतले, ठिपके पुन्हा चेहरा होईपर्यंत. मग तेवढ्याच अंतरावर कितीतरी वेळ धरून ठेवले.

तिकडे नानांनी ग्रूपवर कुणालाही उत्तर दिले नाही. लाल पेन त्यांनी खणात टाकले, असे मला नंतर कळले.

एका सकाळी आक्कांनी स्वतः फोन करून नाना आणि पुतणी, दोघांनाही बोलावले. चहा आधीच करून ठेवला होता.

"शास्त्रीणबाई," त्या म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस. मला खरं सांग, गोड करून नको. त्या कागदावर लिहिलंय ते शंभर टक्के खरं का?"

पुतणीने चहाचा कप खाली ठेवला. "त्या कारकुनानं ‘आपघात’ लिहिलं, हे नक्की. पण तो नदीवर नव्हता, आक्का. त्याला कुणीतरी येऊन सांगितलं आणि त्यानं लिहिलं. सांगणाऱ्याला काय ठाऊक होतं, ते आपल्याला ठाऊक नाही. म्हणजे बहुतेक खरं असावं, एवढंच मी म्हणेन. आणि ‘का’, ते तर त्यात कुठंच नाही. पुष्कळदा मनाचा आजार असतो. त्या काळी त्याला कुणी आजार म्हणत नसत. त्यात माणसाचं लेकरावरचं प्रेम कमी झालेलं नसतं. पण तुमच्या आईचं तसंच होतं, असं मी सांगितलं तर ती थाप होईल."

आक्कांनी मान हलवली. "बरं वाटलं. थाप नाही मारलीस." मग त्या नानांकडे वळल्या. "अपघात छापू नकोस, ते तुला डाचेल. आपघात छापू नकोस, ते मला डाचेल. लिही, ‘तिशीच्या आत वारली. आवाज खणखणीत होता, दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायची.’"

"शीळ?" नानांनी डोके वर काढले.

"बायका शीळ घालत नसत तेव्हा. ती घालायची. मला गल्लीच्या टोकावरून घरी बोलवायला. हे कुठल्या सरकारी बाडात आहे का बघ."

नाना लिहून घेऊ लागले. शिशाच्या पेन्सिलीने.

"आणि संगणकावर?" पुतणीने विचारले. "तिथं कारणाचा रकाना असतो. रिकामा ठेवला तर लोक समजतात, माहितीच नाही."

"समजू देत. अगं, रिकामा रकाना म्हणजे माहिती नाही असं नव्हे. रिकामा रकाना म्हणजे विचारायला या. ज्याला हवं असेल त्यानं यावं, समोर बसावं, आणि विचारावं. मी आहे तोवर मी सांगेन. मी गेल्यावर तू सांगायचंस. पण आधी बघायचं, त्याला कशाला हवंय."

पुतणीने तसेच केले. रकाना मोकळा, आणि खाली एक ओळ, ‘आक्कांना भेटा’. ग्रूपवर नानांनी लिहिले, फोटो टाकणार नाही, ज्याला पाहिजे त्याने आक्कांकडे जावे. भांड्यांच्या दुकानदाराने रागावलेले तोंड पाठवले.

आणि पंधरवड्यात तो स्वतःच आला. मला वाटले, हा आता भांडणार. भरदार माणूस, आवाज पत्र्याच्या पिंपासारखा. जिना चढून धापा टाकत आत आला आणि खुर्चीत बसला. "काय आक्का, मोठं गुपित ठेवलंयस म्हणे!"

"गुपित नाही. तुला कशाला हवंय?"

तो हसला. मग हसू मावळले. बराच वेळ तो स्वतःच्या अंगठीशी चाळा करत राहिला. "धाकटी लेक माझी," तो म्हणाला. "सहा महिने झाले, नीट जेवत नाही, बोलत नाही. खोलीतून बाहेर येत नाही. डॉक्टर विचारतात, घराण्यात आधी कुणाला असं झालं होतं का. मी म्हटलं, आमच्याकडे सगळे ठणठणीत. पण ग्रूपवर नानानं आत्याची नोंद सापडली म्हणून लिहिलं, आणि तीत काय आहे ते सांगितलंच नाही, तेव्हा माझ्या मनात आलं... चारचौघांत कसं विचारणार? म्हणून मग आपलं, ‘फोटो टाका, फोटो टाका’."

आक्कांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. आणि त्यांनी सांगितले. नदी, चप्पल, काना, शीळ, सगळे. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "हे डॉक्टरला सांग. आणि पोरीला इकडं घेऊन ये. मी बोलते तिच्याशी. तिला म्हणावं, एका म्हातारीला तुझ्याशी बोलायचंय, जोडू का?"

तो भरदार माणूस रडला. आक्काही रडल्या. मी टेबलावर उताणे पडले होते, आणि त्या सगळ्या वेळात कुणाला माझी गरज लागली नाही. मित्रांनो, माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला इतके बरे कधीच वाटले नव्हते.

ती मुलगी आता येते, आठवड्यातून एकदा. काही वेळा बोलते, काही वेळा नुसती बसून खिडकीबाहेर पाहते. पुस्तक छापून झाले आहे. आत्याच्या पानावर चूक एकही नाही, हे मी स्वतः पाहिले आहे.

आता मी आक्कांच्याच घरी असते. तुम्हीही कधी घरातली जुनी कागदपत्रे उघडाल. उघडा, जरूर उघडा, जुनी माणसे वाचायला मिळणे हे भाग्य आहे. पण एखाद्या ओळीवर हात थांबला, तर आधी त्या ओळीचे जिवंत माणूस शोधा आणि त्याला विचारा. आणि माझ्यासारखे भिंग हाती आले तर ते मऊ फडक्याने पुसा, खणात डांबून ठेवू नका, आणि एवढे एक लक्षात ठेवा. उन्हात मला कागदावर धरून दुसरीकडे पाहू नका. ज्या काचेने अक्षर मोठे होते, त्याच काचेने कागद पेटतो. अंतर ठरवणारा हात तेवढा तुमचा असतो.